बारोलो २०२१ : घ्यायची तर आत्ता, उघडायची तर सावकाश

जानेवारी २०२५पासून बारोलोचं, म्हणजे नेब्बिओलो द्राक्षापासून होणाऱ्या वायव्य इटलीतल्या लाल वाइनचं, २०२१ साल दुकानांत उतरलं. ही तारीख व्यापाऱ्यांच्या मर्जीची नसते. काढणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवायचं, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात, हा बारोलोचा नियम. १ नोव्हेंबर २०२१पासून मोजायला लागलं की बरोबर १ जानेवारी २०२५ येतो. रिझेर्वाला, म्हणजे जास्त मुरवलेल्या बारोलोला, ६२ महिने लागतात. त्यामुळे २०२७ उजाडायच्या आत कुणी ‘२०२१ रिझेर्वा’ दाखवली तर बाटली हातात न घेता पुढे जावं.

मत आधीच सांगून टाकतो. साल उत्तम आहे, २०१६ आणि २०१९च्या पंगतीला बसेल असं. आणि उत्तम आहे म्हणूनच ते आज पिण्याजोगं नाही. ज्याच्याकडे बाटली पाच-सात वर्षं १४ अंशांवर आडवी ठेवायची सोय आहे त्याने २०२१ जरूर घ्यावी. ज्याला येत्या दिवाळीत पाहुण्यांसमोर उघडायची आहे त्याने तेवढ्याच पैशांत २०२० घ्यावी. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही, कारण नवं साल खपवायचं असतं आणि जुन्याच्या दोन-चार बाटल्याच मागच्या फळीवर उरलेल्या असतात. त्याच मागून घ्याव्यात.

परीक्षणासाठी निवडलेली बाटली आहे जी. डी. वायरा यांची ‘बारोलो आल्बे’. लेबलवरचं स्पेलिंग (Vajra) पाहून आपण सरळ ‘वज्र’ म्हणू, पण दुकानात ‘वायरा’ म्हणूनच विचारावं. बारोलोच्या दुनियेत ही महाग बाटली नाही. इटलीत साधारण ३५ ते ४५ युरो, अमेरिकेत ४५ ते ५५ डॉलरच्या घरात मिळते आणि युरोपातल्या बहुतेक मोठ्या शहरांत सापडते. शंभर युरोंच्या बाटलीचं परीक्षण वाचायला छान असतं, पण विकत घेणारे थोडे. साल कसं आहे हे खरं कळतं ते वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या सर्वांत साध्या बारोलोत.

वेर्न्ये ही बारोलो गावाच्या हद्दीतली सर्वांत उंचावरची वस्ती. आल्दो वायरा यांनी १९७२मध्ये तिथे हे घराणं उभं केलं आणि वडील जुझेप्पे दोमेनिको यांची आद्याक्षरं त्याला दिली. ‘आल्बे’ची द्राक्षं फोस्साती, कोस्ते दी वेर्न्ये आणि ला वोल्ता या तीन मळ्यांतून येतात, समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास आणि त्याहून वर. तिन्ही मळ्यांची तोंडं आणि उंची वेगळी असल्याने सूर्य तिथे वेगवेगळ्या वेळी पोचतो, म्हणून नाव ‘पहाटा’, अनेकवचनात. पन्नास वर्षांपूर्वी इतक्या उंचीवर नेब्बिओलो नीट पिकत नसे आणि ही जमीन दुय्यम समजली जाई. आता उन्हाळे तापू लागल्यावर पारडं फिरलं आहे. खालच्या, दक्षिणमुखी, नावाजलेल्या मळ्यांत द्राक्ष ऑक्टोबरआधीच साखरेने फुगतं. वर रात्री थंड असतात, आंबटपणा टिकतो आणि वास शिजून जात नाही.

साल कसं गेलं

२०२०-२१च्या हिवाळ्यात, बारोलो जिथे पिकते त्या लांगे टेकड्यांवर भरपूर बर्फ पडलं आणि जमिनीत ओल मुरली. पुढचा उन्हाळा कोरडा निघाला, तेव्हा वेलींना तगवलं ते याच ओलीने. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब जाळले. नेब्बिओलो लवकर फुटतं आणि उशिरा पिकतं, त्यामुळे अशा थंडीला ते हमखास सापडायला हवं. पण त्याचे मळे उतारांवर असतात आणि थंड हवा जड होऊन खालच्या सपाटीवर साचते, म्हणून मोठं नुकसान झालं ते खालच्या भागांत. ऊन लागलं, पण होरपळ झाली नाही. सप्टेंबरात दिवस उबदार आणि रात्री थंड राहिल्या, आणि काढणी ऑक्टोबरात, म्हणजे जुन्या वेळापत्रकाप्रमाणे झाली.

याचा परिणाम ग्लासात तीन गोष्टींत दिसतो. आंबटपणा ताठ आहे. तुरटपणा भरपूर आहे, पण पिकलेला आहे, कच्चा नाही. आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास असूनही घशाला चटका लागत नाही. २०२०चं साल याच्या शेजारी ठेवलं की फरक चटकन कळतो : तेही उबदार आणि गुणी, पण त्याचा तुरटपणा मऊ, फळ पुढे आलेलं, आजच बोलकं. यानंतरचं २०२२ दुष्काळाचं आणि उन्हाचं. थंड प्रकृतीची बारोलो आवडणाऱ्यांनी २०२१ची साठवण करून ठेवावी ती यासाठी.

चव : उघडल्याबरोबर, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी

रंग पाहून निराश होऊ नये. नेब्बिओलोचा रंग फिकाच असतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा, कडेला विटकरी झाक. त्याच्या सालीतली रंगद्रव्यं लवकर हवा खाणाऱ्या जातीची आहेत, म्हणून तीन वर्षांतच कडा नारिंगी होऊ लागते. याचा अर्थ वाइन म्हातारी झाली असा नाही. उलट बारोलो गडद जांभळी, शाईसारखी दिसली तर शंका घ्यावी.

बूच काढल्याबरोबर ओतलेला पहिला घोट कोणाला आवडेल असं वाटत नाही. वास अर्धवट मिटलेला, थोडी आंबट चेरी, थोडी ओली माती. जिभेवर आल्यावर फळ क्षणभर दिसतं आणि लगेच तुरटपणा हिरड्यांना धरतो, कच्च्या सुपारीने धरावा तसा. गिळल्यावरही तोंड कोरडंच राहतं. हॉटेलात बारोलो मागवून ‘एवढे पैसे आणि हे?’ म्हणणारे बहुतेक लोक याच टप्प्यावर बाटली संपवतात.

रुंद डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा द्यायच्या काचेच्या भांड्यात, ओतून चार तास ठेवल्यावर तीच वाइन ओळखू येत नाही. आधी गुलाब येतो, ताज्या फुलाचा नाही, सावलीत वाळवलेल्या पाकळ्यांचा. त्यामागे संत्र्याची साल, पुदिना आणि ज्येष्ठमध. आल्बेचा खास गुण पुदिन्याकडे झुकणारा हा गार, हिरवट सुगंध. सखल मळ्यांच्या बारोलोत तो क्वचित मिळतो. डांबराचा वास, ज्याची बारोलोच्या प्रत्येक वर्णनात हजेरी असते, इथे अगदी पुसट आहे. तो जोरात हवा असेल त्याने पूर्वेकडच्या सेर्रालुंगा गावाच्या बारोलोकडे जावं. लाकडाचा, व्हॅनिलाचा वास नाही, कारण ही वाइन लहान नव्या पिंपांत नाही, स्लाव्होनियन ओकच्या मोठमोठ्या जुन्या पिंपांत मुरते. तुरटपणा चार तासांनीही आहे, पण आता त्याच्या आत फळ आहे. शेवट लांब आहे आणि किंचित खारट.

सर्वांत चांगली ती दुसऱ्या दिवशी लागते, हे नव्या बारोलोबाबत नेहमीचंच. बाटली उघडल्याबरोबर अर्धी वाइन स्वच्छ, कोरड्या ३७५ मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून, फिरकीचं झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवायची. काठोकाठ हे महत्त्वाचं, मध्ये हवा उरता कामा नये. चोवीस तासांनी काढून पाऊण तास बाहेर ठेवली की तुरटपणाच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि वास पूर्ण उमललेला असतो. दुसऱ्या दिवशी वाइन सुधारत असेल तर ती पुढची दहा वर्षं सहज काढेल असं मानायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी मेली, सपाट आणि सफरचंदाच्या काळवंडलेल्या फोडीच्या वासाची झाली, तर उरलेल्या बाटल्या लवकर संपवाव्यात. आल्बे सुधारते. माझा अंदाज : २०२८पासून रंगात येईल, २०३८पर्यंत टिकेल.

एक उणीवही सांगायला हवी. मधल्या भागात, म्हणजे वास संपून शेवट सुरू व्हायच्या आधी, ही वाइन थोडी सडपातळ आहे. ज्यांना तोंड भरून टाकणारी वाइन लागते त्यांना ती ‘पातळ’ वाटेल. उंचावरच्या मळ्यांचं हे अंगच आहे. मुरल्यावर ती भरते, पण सेर्रालुंगाइतकी कधीच भरत नाही.

अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची सँजोव्हेसे पिऊन इटालियन द्राक्षाची कल्पना केलेल्यांनी इथे वेगळी तयारी ठेवावी. सँजोव्हेसेतही आंबटपणा आणि आंबट चेरी आहे, पण नेब्बिओलोचा तुरटपणा त्याच्या बराच पुढचा आणि रंग त्याहून फिका.

शेजारपाजारच्या बाटल्या

फोंतानाफ्रेद्दाची ‘सेर्रालुंगा द’आल्बा’ २०२१ साधारण त्याच किमतीत मिळते. ही जहागीर मूळची राजा दुसरा व्हित्तोरिओ एमान्युएले याची, त्याने ती रोझा व्हेर्चेल्लाना हिला दिली. आता ते मोठं, पर्यटकांनी भरलेलं घराणं आहे, म्हणून दर्दी नाक मुरडतात. या एका बाटलीपुरतं तरी ते चुकतात. सेर्रालुंगाची माती जुनी आणि कडक, त्यामुळे वाइन गडद, डांबराची, ताकदीची. मात्र आल्बेपेक्षाही जास्त थांबायला लावते आणि वासात तेवढी नजाकत नाही.

व्हिएत्ती घराण्याची ‘कास्तिल्योने’ अनेक गावांच्या मळ्यांतून जुळवलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ५५ युरोंच्या पुढे जाते. २०२१ला ती आल्बेपेक्षा निःसंशय पूर्ण आहे, मधला भाग भरलेला, शेवट लांब. पण दीडपट पैसे देण्याइतकी चांगली आहे का? एकच बाटली घ्यायची असेल तर हो. सहा घ्यायच्या असतील तर नाही.

पैशांचा खरा सौदा मात्र बारोलोच्या हद्दीबाहेर, शेजारच्या बार्बारेस्कोत आहे. प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को ही १९५८पासूनची सहकारी संस्था, पन्नासेक शेतकरी कुटुंबांची. सहकारी कारखान्यांच्या महाराष्ट्रात वाढलेल्यांना ‘सहकारी’ शब्दाबरोबर दर्जाची जी धास्ती वाटते ती इथे विसरावी. हे लोक सभासदाला द्राक्षाचा भाव वजनाबरोबर गुणवत्तेवर देतात आणि फक्त नेब्बिओलोच पिकवतात. बार्बारेस्कोला २६ महिन्यांचीच अट आहे, त्यातले ९ लाकडात, त्यामुळे तिथलं २०२१ साल एक वर्ष आधीच बाजारात आलं आणि तेवढं पुढे सरकलेलंही आहे. तिशीतल्या युरोंत, तेच द्राक्ष, तेच साल, तुरटपणा जरा कमी. २०२१च हवं आणि थांबणं जमणार नाही, अशांसाठी हीच बाटली.

त्याहून स्वस्तात बघायचं तर वायरांचीच ‘लांगे नेब्बिओलो’. निम्म्याहून थोडी कमी किंमत, लाकडाचा स्पर्श कमी, गुलाब आणि चेरी भरपूर. ही दोन वर्षांत पिऊन टाकायची.

लेबलवर काय वाचायचं

बारोलो अकरा गावांत पिकते आणि २०१०पासून तिथल्या मळ्यांची आणि गावांची नावं अधिकृत यादीत आहेत, १७० मळे आणि ११ गावं मिळून एकूण १८१. लेबलवर मळ्याचं नाव असेल तर ती एका मळ्याची बारोलो. ‘देल कोमूने दी’ आणि पुढे गावाचं नाव असेल तर एका गावाची. नुसतंच ‘बारोलो’ असेल तर अनेक मळ्यांची जुळवणी. बाजारात भाव चढतो तो पहिल्या प्रकाराचा. पण वेगवेगळ्या मळ्यांची वाइन जुळवणं ही तिथली जुनी रीत आहे. बार्तोलो मास्कारेल्लो या अत्यंत मानाच्या घराण्याची बारोलो आजही अनेक मळ्यांची एकच वाइन म्हणून येते. २०२१सारख्या सालात, जेव्हा चांगलं द्राक्ष जवळपास सगळीकडे पिकलं, तेव्हा एका मळ्याच्या नावासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज सर्वांत कमी असते. ते पैसे वाईट सालासाठी राखावेत, तेव्हा चांगला मळा कामी येतो.

सुपरमार्केटात १५ ते २० युरोंची बारोलोही दिसते. तिच्यावर नियमाने लागणारं सगळं छापलेलं असतं, गळ्यावर क्रमांकाची सरकारी पट्टीही असते, म्हणजे ती नकली नाही. पण मागच्या लेबलवर ‘इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने’ असं आहे की नुसतं ‘इंबोत्तिल्यातो दा’ आणि पुढे एखाद्या व्यापाऱ्याचं नाव, ते बघावं. पहिल्याचा अर्थ जिथे पिकली-बनली तिथेच भरली. दुसऱ्यात बहुतेकदा टँकरने विकत घेतलेली घाऊक वाइन असते. अशा बाटलीत बारोलोचा तुरटपणा मिळतो, वास मिळत नाही. त्या पैशांत लांगे नेब्बिओलो घेतलेली केव्हाही बरी.

घेताना बाटली उजेडात धरून चार गोष्टी तपासाव्यात. वाइनची पातळी गळ्यातच असली पाहिजे, चार वर्षांच्या बाटलीत खांद्यापर्यंत उतरलेली चालत नाही. बूच बाटलीच्या तोंडाशी सपाट हवं. वर आलेलं असेल तर बाटली कुठेतरी तापली आहे. वरची टोपी बोटाने हलकेच फिरवून बघावी, चिकटून बसली असेल तर खालून वाइन पाझरलेली असू शकते. आणि दुकानाच्या काचेत, दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली कितीही सवलतीत दिली तरी घेऊ नये. आतल्या खोलीतली मागावी.

मुंबई-पुण्यात ठेवणार कुठे?

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी कळीचा मुद्दा हाच आहे, आणि परदेशी परीक्षणांत तो कधीच नसतो.

वाइन १२ ते १४ अंशांवर मुरते. २० अंशांवर जरा घाईने मुरते. ३० अंशांवर मुरत नाही, शिजते : फळाचा वास मुरांब्यासारखा होतो, गुलाब जातो, तुरटपणा मात्र तसाच राहतो. मुंबईच्या कपाटात एक मे महिना काढलेली २०२१ची बारोलो म्हणजे सर्व बाजूंनी तोटा. पलंगाखाली, जिन्याखाली, गोणपाटात गुंडाळून, हे उपाय लोणावळ्यातही जेमतेम एक हिवाळा पुरतात.

घरचा नेहमीचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो. तिथे दोन-तीन महिने चालून जातं. त्याहून जास्त ठेवली तर मुरणं जवळपास थांबतं आणि कोरड्या हवेने बूच आक्रसतं. बूच आक्रसलं की हवा आत.

वाइन कूलर घ्यायचा तर आधी त्याचं यंत्र विचारावं. स्वस्त, बिनआवाजाचे कूलर थर्मोइलेक्ट्रिक असतात आणि ते खोलीपेक्षा साधारण १०-१५ अंशच खाली जाऊ शकतात. पुण्याच्या जानेवारीत ते छान चालतात. नागपूरच्या मेमध्ये खोली ४० अंशांवर असताना त्यांच्या आतही २५-३० अंश असतात आणि यंत्र दिवसरात्र धापा टाकत राहतं. कॉम्प्रेसरवाला घ्यावा, तोही भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावा. वीज दोन-तीन तास गेली तर दार न उघडता बाटल्या काढतात. बारा तास गेली तर मात्र फरक पडतो. तापमान एकदा चढून उतरण्यापेक्षा रोज वर-खाली होत राहणं जास्त वाईट, कारण दर वेळी वाइन फुगते-आकसते आणि बुचावर ताण येतो.

एवढा खटाटोप दोन बाटल्यांसाठी करू नये. सोय नसेल तर २०२१ घेऊच नये, २०२० घ्यावी आणि हिवाळ्यात संपवावी.

उघडताना

प्रवासाहून आलेली बाटली आठवडाभर तरी विसाव्याला ठेवावी. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे तळाचा गाळ बसतो. या वयात गाळ फार नसतो, पण असतो.

१६ ते १८ अंशांवर प्यावी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे. आपल्याकडे खोली ३० अंशांवर असेल तर बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये, किंवा घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फात नाही, पाणी हवंच, त्याशिवाय काच सगळीकडून गार होत नाही. गरम बारोलोत अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. फार गार केली तर तुरटपणा दुप्पट वाटतो. ग्लास मोठ्या पोटाचा घ्यावा आणि तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नये. बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात.

नुसतं बूच काढून बाटली तशीच ठेवण्याने काही होत नाही. गळ्याएवढ्या पृष्ठभागाला किती हवा लागणार? ओतायला हवी, आणि डिकँटर नसेल तर स्टीलचा किंवा काचेचा रुंद जग चालतो, फक्त साबणाचा वास नको.

वास विचित्र आला तर घाई करू नये. काडेपेटी किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास हवा लागल्यावर अर्ध्या तासात जातो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास मात्र हवेने वाढतो. ते बूच बिघडल्याचं लक्षण, त्याला उपाय नाही, बाटली बूचासकट परत करावी. चांगली दुकानं बदलून देतात, पण तीन-चतुर्थांश वाइन बाटलीत शिल्लक असेल तरच. नखरंग काढायच्या द्रवासारखा झोंबणारा वास थोडासा असेल तर चालून जातो, तोच पुढे असेल तर नाही.

ताटात काय

बारोलोजवळच्या आल्बा शहराकडे ही वाइन लोणी-मांसाच्या जेवणावर पितात : अंड्याच्या बलकाचे बारीक शेवयांसारखे ताजारीन, सारण भरलेला लहान आन्योलोत्ती पास्ता, बारोलोत तासन्‌तास शिजवलेलं बीफ. कारण सरळ आहे. चरबी आणि प्रथिनं तुरटपणाला बांधून घेतात, आणि आंबटपणा चरबी कापतो.

तिखटाशी तिचं अजिबात जमत नाही. मिरचीने चाळवलेल्या तोंडात अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, म्हणून तांबडा रस्सा, सावजी, गोव्याची विंदालू यांबरोबर बिअरच बरी. माशांबरोबरही नको. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळून तोंडात धातूची चव येते, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाला ती सर्वांत जास्त.

आपल्या स्वयंपाकात तिला सर्वांत जवळचं म्हणजे आळणी मटण. आलं-लसूण, हळद, मीठ घालून चरबीसकट मऊ शिजवलेलं, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं, वर काळी मिरी आणि तूप. घरात लहान मुलांसाठी काढतात ते. नळीचे तुकडे असतील तर उत्तम. शाकाहारी ताटात तुपावर खरपूस परतलेली अळंबी, जुनं कडक चीज, किंवा लसणाची भरपूर फोडणी दिलेलं, मिरची न घातलेलं साधं मसूर वरण. पनीर टिक्का लोक हमखास सुचवतात. चालत नाही, दह्याचा आंबटपणा आणि मसाला दोन्ही आडवे येतात.

विकत घेणं आणि आणणं

मुंबईत ती मिळतेच असं नाही, आणि मिळाली तर इटलीच्या दुप्पट-तिप्पट भावात. २०२५मध्ये आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं आणि त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, आयातदार, वितरक, दुकान. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही, पण त्या भावात आयातदाराच्या गोदामात एसी होता का, हे विचारायचा हक्क आपल्याला नक्की आहे.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी सहाची पेटी मागवावी, सप्टेंबर ते एप्रिलच्या दरम्यान. जुलैत कुरियरच्या गाडीत दोन दिवस फिरलेल्या पेटीला वर सांगितलेला मेचा न्याय लागू होतो.

फिरायला गेलेल्यांनी बारोलो गावातल्या फाल्लेत्ती किल्ल्याच्या तळघरातलं एनोतेका रेजोनाले, म्हणजे तिथल्या वाइनचं दालन, गाठावं. तिथे अनेक घराण्यांच्या बारोलो थोड्या-थोड्या मापाने चाखता येतात, त्यामुळे एकाच घराण्यात अडकायला होत नाही. घराण्यांना थेट भेट द्यायची तर आठवडे आधी वेळ ठरवावी लागते आणि रविवारी पुष्कळांची दारं बंद असतात. चाखताना थुंकायला लाजू नये, पिकदाणी त्यासाठीच ठेवलेली असते, आणि टेकड्यांवरचे रस्ते वळणांचे आहेत.

भारतात येताना माणशी २ लिटर दारू करमुक्त. म्हणजे ७५० मिलीच्या दोन आणि ३७५ मिलीची एक अर्धी बाटली, एकूण १.८७५ लिटर. तिसरी पूर्ण बाटली घेतली की हद्द ओलांडली. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची धरावी. शहरातल्या दुकानातली वाइन हातातल्या सामानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतच. विमानाच्या पोटातल्या दाबाने बूच उडतं ही भीती खोटी आहे, तिथलाही दाब राखलेला असतो. बाटली फुटते ती बॅग आपटल्याने. प्रत्येक बाटली प्लॅस्टिक पिशवीत बांधून, जीन्समध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध, दोन बाटल्या एकमेकींना टेकणार नाहीत अशा.

इटलीत वाइनवर २२ टक्के व्हॅट असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने एकाच दुकानात एका पावतीवर ७० युरोंच्या वर खरेदी केली तर तो अंशतः परत मिळतो; मध्यस्थ कंपनीचं कमिशन वजा जाऊन हातात बरंच कमी येतं. पासपोर्ट खरेदीच्या वेळीच दाखवावा लागतो. दोन आल्बे घेतल्या की ही हद्द बहुधा ओलांडते, एक-एक करून दोन दुकानांत घेतल्या तर नाही. आणि बाटल्या चेक-इन बॅगेत जाणार असल्याने कस्टम्सचा शिक्का किंवा डिजिटल मंजुरी बॅग सोपवायच्या आधी घ्यायची. खिडकीवरचा माणूस बाटल्या बघायला मागू शकतो, म्हणून बॅगेची चेन तोवर उघडण्याजोगी ठेवावी. मिलानहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येत असाल आणि बॅग थेट मुंबईपर्यंत जाणार असेल, तर हे काम मिलानलाच उरकायचं.